प्रत आणि परत

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगत ठेवावी लागते. वारा, पाणी किंवा वीज पूर्वतयारीवाचून तुटली, तर तळाशी साचलेले वितळलेले लोखंड आणि मळी गोठून बसते आणि मग भट्टी पुन्हा जिवंत करणे हे अतिशय जिकिरीचे काम होते. म्हणून अशा कारखान्यात प्रत्येक आवश्यक गोष्टीला पर्याय उभा असतो. एक पंप बंद पडला तर दुसरा, बाहेरची वीज गेली तर स्वतःची. हे पर्याय अपुरे पडले की काय होते, तेही भिलाईने पाहिले आहे. १२ जून २०१४ रोजी पंपगृहातील बिघाडामुळे वायू-शुद्धीकरण विभागातील पाण्याचा दाब कोसळला, भट्टीचा विषारी वायू बाहेर पसरला आणि सहा जणांचे प्राण गेले.

पोलाद कारखान्याने जोपासलेला हा विचार ‘चालू ठेवण्याचा’ आहे. संगणकाच्या जगात त्याला आणखी एका विचाराची जोड द्यावी लागते, तो म्हणजे ‘परत मिळवण्याचा’. आजचे लोखंड वाया गेले तर उद्या खनिजातून पुन्हा लोखंड काढता येते. एखाद्या रुग्णाच्या पाच वर्षांच्या तपासण्यांची नोंद पुसली गेली, तर ती ज्यातून पुन्हा काढावी असे कोणतेही खनिज नसते. याच दुर्ग जिल्ह्यात, कुटेलाभाठा येथे, २०१६ साली स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईचा कायमस्वरूपी परिसर आहे. वित्तीय तंत्रज्ञानासाठीचे राष्ट्रीय नवोन्मेष केंद्र या संस्थेकडे आहे. पैशाचे व्यवहार ज्या यंत्रांवर चालतात ती यंत्रे कोसळली तर काय, हा प्रश्न त्यामुळे भिलाईच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकापुरता उरलेला नाही. त्या प्रश्नाचा इतिहास मात्र थोडा मागून पाहावा लागतो.

आयबीएमने १९५२ साली आपले पहिले चुंबकीय फितीचे यंत्र बाजारात आणले आणि विदा, म्हणजे ज्याला आपण सर्रास डेटा म्हणतो तो, गुंडाळून कपाटात ठेवता येऊ लागला. त्याआधी छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे असत. गठ्ठ्याची प्रत काढायची म्हणजे दुसरा गठ्ठा तयार करायचा. फितीमुळे प्रत काढणे स्वस्त झाले आणि त्यातून एक पद्धत रूढ झाली. कालची फीत, तिच्या आधीची फीत आणि त्याहूनही आधीची, अशा तीन पिढ्या सांभाळून ठेवायच्या. या पद्धतीला नावच ‘आजोबा-वडील-मुलगा’ असे पडले. तिच्यातील शहाणपण पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. चूक झाल्याचे उशिरा लक्षात आले, तर कालची प्रत उपयोगाची नसते, कारण तीच चूक तिच्यातही उतरलेली असते. अशा वेळी आजोबांकडे जावे लागते.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या संशोधकांनी अनेक स्वस्त चकत्या एकत्र जोडून त्यांची एकच विश्वासार्ह साठवण कशी करता येईल, हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. ‘रेड’ या नावाने ही रचना जगभर पसरली. एक चकती बिघडली तरी उरलेल्या चकत्यांवरून तिच्यातील मजकूर गणिताने काढता येतो. यामुळे एक गैरसमजही पसरला, आणि तो अजून गेलेला नाही. रेड ही चालू ठेवण्याची व्यवस्था आहे, राखीव प्रत नव्हे. तुम्ही फाइल पुसलीत तर रेड ती सगळ्या चकत्यांवरून तितक्याच इमानदारीने पुसते.

प्रत खरी उपयोगी कधी ठरते, याचे उत्तर संगणकापूर्वीच पुण्यात मिळालेले होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले होते, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. मूळ पोथी उपलब्ध नाही, उपलब्ध आहेत त्या शेकडो वर्षांत नकलकारांच्या हातून बिघडत गेलेल्या प्रती. त्यांतून जुना पाठ परत कसा मिळवायचा? सुकथनकरांनी भर दिला तो प्रतींच्या परस्परांपासूनच्या स्वातंत्र्यावर. काश्मीरकडील शारदा लिपीतील पोथी आणि केरळातील मल्याळम लिपीतील पोथी यांचा एकमेकींशी संबंध येण्याची शक्यता फार थोडी. या दोन टोकांच्या प्रती जेथे जुळतात तेथे पाठ जुना असण्याचा संभव मोठा. एकाच गावातल्या, एकीवरून दुसरी उतरवलेल्या दहा प्रती मात्र दहा म्हणून मोजता येत नाहीत. त्या एकाच चुकीच्या दहा आवृत्त्या असू शकतात.

ज्या संस्थेने हे काम केले तिच्यावरच ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला आणि ग्रंथ, पोथ्या व अन्य दुर्मीळ सामग्रीची नासधूस झाली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कोठेतरी मिळू शकते. एकमेव पोथी फाटली की तिच्याबाबतीत चर्चाच संपते.

सरकारी कागदाची कथा याहून वेगळी नाही. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि चौथा, पाचवा व सहावा मजला भस्मसात झाला. पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्या मजल्यांवर नगरविकासासारखी खाती होती आणि असंख्य फायली होत्या. त्या काळी आदर्श गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण गाजत होते. साहजिकच, आगीत त्याचे पुरावे गेले का, हा पहिला प्रश्न विचारला गेला. ते कागद आधीच केंद्रीय अन्वेषण विभागाच्या ताब्यात गेलेले असल्याने सुरक्षित असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे जतनाची योजना म्हणून नव्हे, तर चौकशी सुरू होती म्हणून कागद दुसऱ्या इमारतीत होते. दुसरी इमारत हा मुद्दा पुढेही येईल.

योगायोगाने वाचलेल्या प्रतीचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र पाच वर्षांनंतरचे आहे आणि त्याचे एक टोक उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराला येऊन भिडते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे त्याने काही तासांत उद्ध्वस्त केले. जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे संगणकही बंद पडले. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोठे ठेवला आहे, तो कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे यंत्राला सांगता येईना. काम हाताने करावे लागले आणि मालाची कोंडी झाली.

मर्स्ककडे निरनिराळ्या सर्व्हरांच्या राखीव प्रती होत्या. नव्हती ती एकच गोष्ट, पण तिच्यावाचून बाकीचे उभे राहत नव्हते. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर विखुरलेले होते. प्रत्येक जण बाकीच्यांशी सतत मेळ घालून घेत असे. एक बिघडला तर उरलेले आहेतच, अशी यामागची समजूत. सगळे एकाच वेळी जातील, हे कोणी गृहीत धरलेच नव्हते. आणि सगळे एकाच वेळी गेले. अपवाद ठरला तो पश्चिम आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि वाचला. त्याच्यातील मजकूर इंग्लंडपर्यंत पाठवण्याइतकी घानाची इंटरनेट जोडणी वेगवान नव्हती. शेवटी चकती हातात घेऊन माणूस घानाहून नायजेरियाला गेला, तेथे ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती विमानाने लंडनला पोहोचली. त्या एका प्रतीवरून उभारणी सुरू झाली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितल्यानुसार दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. दीडशे प्रती होत्या, पण सुकथनकरांच्या हिशेबाने ती एकच प्रत होती.

आता मुंबईतील त्या दिवसाकडे यायला हरकत नाही, ज्याच्यासाठी एवढी पार्श्वभूमी आवश्यक होती. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारी महिन्याच्या वायदे व्यवहारांची मुदत संपणार होती, त्यामुळे बाजारात नेहमीपेक्षा अधिक वर्दळ होती. सकाळी दहाच्या सुमारास निफ्टी निर्देशांकाचे आकडे वेळेवर बदलेनासे झाले. ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सर्व विभागांतील व्यवहार थांबवले.

देशातील सर्वांत मोठ्या शेअर बाजाराकडे पर्यायांची वाण नव्हती. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून हजार किलोमीटरवरच्या चेन्नईला संदेश जायला किमान पाच मिलिसेकंद लागतात आणि पोच परत यायला आणखी पाच. माणसाच्या दृष्टीने हे काहीच नव्हे. मात्र जेथे सौद्यांची जुळणी मायक्रोसेकंदांत होते, तेथे प्रत्येक नोंदीला ‘चेन्नईत पोहोचली’ अशी पोच मिळेपर्यंत थांबणे म्हणजे बाजार खोळंबून ठेवणे होय. म्हणून दोन राखीव केंद्रे ठेवतात. एक मुंबईतच, इतके जवळ की प्रत्येक नोंद तत्क्षणी दोन्हीकडे लिहिता यावी. दुसरे दूर, चेन्नईत, जेथे प्रत किंचित मागाहून पोहोचते. जवळच्या प्रतीत काहीच हरवत नाही, पण शहरावरच संकट आले तर ती मूळ प्रतीबरोबरच बुडते. दूरची प्रत शहराच्या संकटातून वाचते, पण शेवटचे काही क्षण तिच्यात नसण्याचा धोका राहतो. अंतर आणि अचूकता यांतील हा सौदा कोणत्याही अभियंत्याला चुकवता आलेला नाही.

त्या दिवशी मुख्य केंद्र आणि जवळचे केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्यांत बिघाड झाला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाहिन्या घेतलेल्या होत्या. त्या दोन्ही डळमळल्या. रस्त्यावरील खोदकाम आणि बांधकाम हे कारण दूरसंचार कंपन्यांनी दिल्याचे एनएसईने नंतर सांगितले. कागदावर दोन कंपन्या म्हणजे दोन पर्याय. फावडे आणि जेसीबी यांना कंपन्यांची नावे वाचता येत नाहीत.

एवढ्यानेही बाजार बंद पडायला नको होता. दुवा तुटला तर मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणेने एकटीने काम चालू ठेवावे, अशीच अपेक्षा होती. परंतु ती यंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली. तिच्यावर अवलंबून असलेली, एनएसईच्या समाशोधन संस्थेची जोखीम-नियंत्रण प्रणाली बंद पडली. कोणाच्या खात्यात किती तारण आहे आणि कोणी किती जोखीम घेतली आहे, हे क्षणोक्षणी तपासणारी ही प्रणाली आहे. ती नसताना सौदे चालू ठेवणे म्हणजे ब्रेक नसलेली गाडी घाटात सोडणे. त्यामुळे व्यवहार थांबवण्याचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. प्रश्न पुढचा आहे. चेन्नईचे केंद्र तयार होते. व्यवहार तिकडे हलवण्यात आले नाहीत.

दरम्यान ज्यांनी सकाळी दिवसापुरते सौदे केले होते ते अडकून पडले. बाजार पुन्हा केव्हा उघडेल, आज उघडेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुंबई शेअर बाजार चालू होता, तेव्हा अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे तेथे मिळेल त्या भावाने मिटवून टाकले. साडेतीनची नेहमीची वेळ अगदी जवळ आल्यावर कळले की व्यवहार ३ वाजून ४५ मिनिटांनी सुरू होऊन ५ वाजेपर्यंत चालतील. ज्यांचे सौदे आधीच मिटवले गेले होते, त्यांनी वाढीव वेळेतला बाजार नुसता पाहिला. त्यांच्या नोंदींपैकी काहीही हरवले नव्हते. हरवले होते ते चार तास, आणि त्या चार तासांना किंमत होती.

दूरच्या केंद्राकडे जाण्याचा निर्णय का होत नाही, याची कारणे तंत्रज्ञानाइतकीच माणसाच्या स्वभावात आहेत. ‘आणखी दहा मिनिटांत दुरुस्त होईल’ ही आशा प्रत्येक दहा मिनिटांनी नव्याने उगवते. दूरच्या केंद्राकडे गेलो आणि शेवटच्या काही सौद्यांचा ताळा जमला नाही तर दोष आपल्यावर येईल, ही भीती असते. आणि मुख्य म्हणजे, ते केंद्र प्रत्यक्ष पैशाच्या व्यवहारांना कितपत पेलेल याची मनातून खात्री नसते. सेबीने २२ मार्च २०२१ रोजी काढलेल्या परिपत्रकाचा रोख नेमका येथेच आहे. महत्त्वाची प्रणाली कोलमडल्यावर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करावी आणि तेथून ४५ मिनिटांच्या आत राखीव केंद्रावरून काम सुरू व्हावे, असे त्यात बजावले आहे. पहिला आकडा यंत्रांसाठी नाही. तो वाट पाहत बसणाऱ्या माणसांसाठी आहे. एनएसई आणि तिच्या समाशोधन संस्थेने या प्रकरणी २०२३ साली सेबीकडे ७२ कोटींहून अधिक रुपये भरून तडजोड केली.

यानंतरच्या घटनांनी वेगवेगळ्या प्रकारे हेच प्रश्न पुन्हा उभे केले. जपानमधील क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट विदा पुसली गेली. पुसली कोणी, तर राखीव प्रती काढणाऱ्या प्रोग्रामनेच. तो चालू असतानाच त्याची सुधारित आवृत्ती त्याच्या जागी ठेवली गेली आणि जुन्या नोंदींऐवजी तो संशोधकांच्या फायली पुसत सुटला. चौदा संशोधन गटांना झळ बसली, त्यांपैकी चार गटांचे काम परत मिळालेच नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर प्रोग्रामने पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट विदा कुलूपबंद केली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके, सारे काही कित्येक दिवस कागदावर चालले. रुग्णांच्या रांगा वाढल्या. पण एका राखीव सर्व्हरला हल्ल्याची झळ पोहोचली नव्हती आणि त्यावरून ई-हॉस्पिटलची विदा परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले.

दक्षिण कोरियाचे नशीब तितके चांगले नव्हते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातील सरकारी विदा केंद्रात आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींची ‘जी-ड्राइव्ह’ ही सामाईक साठवण जळून गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट मजकूर होता आणि त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. आग लागली ती वीज गेल्यावर केंद्र चालू ठेवण्यासाठी बसवलेल्या लिथियम बॅटऱ्यांना. चालू ठेवण्याची काळजी घेतली गेली होती, परत मिळवण्याची राहून गेली.

एनएसईने २ मार्च २०२४ रोजी, एका शनिवारी, विशेष सत्र भरवले. सकाळचे पहिले सत्र मुख्य केंद्रावरून झाले, मग थोड्या विरामानंतर दुसरे सत्र राखीव केंद्रावरून. सौदे खरे होते, पैसे खरे होते. अग्निशमनाचा सराव असतो तसाच हा सराव, फक्त येथे इमारत रिकामी न करता भरलेलीच दुसरीकडे हलवायची होती. अनेकांनी त्या दिवशी समाजमाध्यमांवर ‘शनिवारी बाजार कशाला?’ असे विचारले. २४ फेब्रुवारी २०२१ ची दुपार ज्यांनी पडद्यासमोर बसून काढली होती, त्यांना ते विचारावे लागले नसावे.

२८ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकाने सेबी आणखी एक पाऊल पुढे गेली. १ एप्रिल २०२५ पासून एनएसई आणि मुंबई शेअर बाजार हे परस्परांचे पर्याय झाले. एक कोलमडला तर ७५ मिनिटांच्या आत त्याने सेबीला कळवायचे आणि त्यानंतर १५ मिनिटांत दुसऱ्यावर सोय सुरू व्हायची. जे समभाग एकाच बाजारात नोंदलेले आहेत, त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजाराने राखीव करार आधीच तयार ठेवायचे. प्रतिस्पर्ध्याच्या घरी आपली राखीव जागा ठेवण्याचा हा प्रकार आहे. दोन्ही बाजारांची यंत्रे, माणसे आणि सॉफ्टवेअर वेगळे असल्यामुळे सुकथनकरांच्या कसोटीला तो बराचसा उतरतो. दोघांची मुख्यालये मात्र मुंबईतच आहेत, एक वांद्रे-कुर्ला संकुलात आणि दुसरे दलाल स्ट्रीटवर.